पाटीवालीचे नाव कुठल्या यादीत?

2010 च्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. आम्ही तेव्हा डोंगरीत राहत होतो. भाऊचा धक्का आमच्या घरापासून पायी अर्ध्या तासावर. आठवड्यातून तीनदा एक कोळीण मावशी डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत यायची. श्रावण लागला की तिचे येणे वाढायचे. बाकीच्या वस्त्यांमध्ये महिनाभर मासळी बंद असते, म्हणून श्रावणातली तिची सगळी भिस्त आमच्या मोहल्ल्यावर आणि माझगावच्या ख्रिस्ती घरांवर असायची. अम्मीशी तिचा वीस वर्षांचा व्यवहार होता. त्यात कधी कागद आला नाही. किती पैसे राहिले ते दोघींना तोंडपाठ असे.

7 ऑगस्टला, शनिवारी, मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ या दोन जहाजांची टक्कर झाली. पुढचे काही दिवस सगळ्या वाहिन्यांवर एकच चित्र होते. एका बाजूला पार कलंडलेले जहाज, पत्त्यांसारखे समुद्रात घसरणारे कंटेनर आणि पाण्यावर पसरत जाणारा काळा तवंग. काही कंटेनरमध्ये कीटकनाशके असल्याची बातमी आली. मासळी सध्या खाऊ नका, असा सल्ला दिला गेला. पाठोपाठ रमजान सुरू झाला.

मावशी त्या आठवड्यात एकदा आली. पाटीत चिंबोऱ्या होत्या आणि थोडी कोळंबी. गल्लीत कोणीच घेतली नाही. आम्हीही घेतली नाही. अम्मी म्हणाली, “या वेळी राहू दे, पोरं लहान आहेत घरात.” मावशी म्हणाली, “भाभी, ही तिकडची नाय, लांबची हाय.” अम्मीने मान हलवली आणि दार लोटून घेतले. त्यानंतर बरेच दिवस ती दिसली नाही.

त्या बंद दाराबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. त्या दिवशी आमच्या घरापर्यंत तेलाचा एक थेंबही आला नव्हता. तरीही तेलाने होणारे नुकसान आमच्या उंबऱ्यावर झाले होते, आणि ते आमच्या हातून झाले होते. ते कुठे नोंदले गेले असेल का? हा लेख त्या प्रश्नाचा मागोवा आहे.

तवंगाचे चार फटके

चित्रा हे तेलवाहू जहाज नव्हते. ते मालवाहू होते. पण प्रत्येक मोठे जहाज स्वतःच्या इंजिनासाठी टाक्यांमध्ये शेकडो टन इंधन बाळगते. चित्राच्या टाक्यांमध्ये अडीच हजार टनांहून अधिक इंधन तेल होते. त्यातले सुमारे 800 टन समुद्रात गेल्याचा अंदाज होता. हे तेल आपल्या स्कूटरमधल्या पेट्रोलसारखे हलके नसते. ते डांबराच्या जवळचे, जड आणि चिकट असते. पेट्रोल उन्हात उडून जाते. हे उडत नाही. लाटांमध्ये घुसळून पाणी पिते, फुगते आणि लगद्यासारखे किनाऱ्याला लागते. कुलाबा, घारापुरी, उरण, रेवस, अलिबागपर्यंत त्याचे पट्टे पोहोचले. खाडीतल्या तिवरांच्या श्वसनमुळांवर ते बसले. चिखलातून वर आलेली ही मुळे झाडाची नाके असतात. ती बुजली की झाड गुदमरते.

अशा तेलाने मच्छीमाराच्या पोटावर चार बाजूंनी पाय येतो. पहिला फटका जाळ्याला. डोल जाळे एकदा या तेलात बुडले की ते धुऊन निघत नाही. त्यातून काढलेली मासळीही डागाळते. दुसरा फटका मासळीला. मोठा मासा बऱ्याचदा पोहून दूर जातो. अंडी, पिल्ले, चिखलातले खेकडे, खडकावरची कालवे यांना पळता येत नाही. तिसरा फटका बंदीचा. तेल असेपर्यंत बोटी बाहेर काढायच्या नाहीत, असा हुकूम निघतो आणि तो योग्यही असतो. चौथा फटका बाजाराचा. ग्राहक मासळीच नको म्हणतो. ती शंभर मैलांवरून आली असली तरी नको म्हणतो. पहिले तीन फटके नकाशावर दाखवता येतात. चौथ्याला हद्द नसते.

चित्राच्या बाबतीत वेळही वाईट होती. पावसाळी मासेमारी बंदी संपायला आठवडाच उरला होता. बोटींची डागडुजी झाली होती, नवी जाळी विणून झाली होती, डिझेल आणि बर्फाची सोय लावली होती. हे सगळे उसनवारीवर. हंगामाच्या तोंडावर कोळीवाड्यात रोख पैसा नसतो, असते ती व्यापाऱ्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम. पहिल्या फेऱ्यांच्या मासळीतून ती फिटायची असते.

माझे नाना रत्नागिरीकडचे. जातीने दालदी. कोकणातल्या मुसलमानांमध्ये दालदी हा पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारा समाज. 1880 साली छापलेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही मासेमारी करणारे मुसलमान म्हणून त्यांची नोंद आहे. नाना तांडेल होते. त्यांच्याकडून मला बोटीचा हिशोब कळला. आलेल्या पैशातून आधी डिझेल, बर्फ, खाणे वजा करायचे. उरलेल्यात बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि मग माणसांचे वाटे. खलाशाला पगार नाही, वाटा. मासळी आली तर वाटा, नाही आली तर काही नाही. नाना म्हणायचे, “दर्या सुट्टी देतो, सावकार देत नाही.” महिनाभर समुद्र बंद राहिला तर खलाशाचे उत्पन्न शून्य होते. त्याचे कर्ज मात्र बंद पडत नाही.

आता हा हिशोब कुठल्याही सरकारी तक्त्यात बसवून पाहा. बसत नाही. का बसत नाही, ते समजण्यासाठी थोडे मागे, आणि मुंबईपासून बरेच दूर, जावे लागेल.

पन्नास डॉलरची होडी

18 मार्च 1967. ‘टॉरी कॅन्यन’ नावाचे अजस्र तेलवाहू जहाज कुवेतचे सव्वा लाख टनांच्या आसपास कच्चे तेल घेऊन ब्रिटनकडे निघाले होते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल आणि सिली बेटांच्या मध्ये, सेव्हन स्टोन्स नावाच्या खडकांवर ते चढले. एवढ्या तेलाचे काय करायचे, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. ब्रिटिश सरकारने जहाजावर बॉम्ब टाकून तेल पेटवून द्यायचा प्रयत्न केला. किनाऱ्यावर हजारो टन डिटर्जंट ओतले. पुढे अभ्यासात दिसले की खडकांवरचे शंख-शिंपले तेलापेक्षा त्या डिटर्जंटने जास्त मेले.

भरपाईची वेळ आली तेव्हा जहाजाच्या मालक कंपनीने अमेरिकेतल्या जुन्या कायद्याकडे बोट दाखवले. त्या कायद्यानुसार मालकाची जबाबदारी अपघातानंतर उरलेल्या जहाजाच्या किमतीइतकीच. उरले काय होते? एक जीवरक्षक होडी. किंमत 50 डॉलर. ब्रिटनने मग त्याच मालकाचे दुसरे जहाज सिंगापूर बंदरात गाठून त्याच्यावर अटकेचा हुकूम चिकटवला. शेवटी 30 लाख पौंडांवर तडजोड झाली आणि ती ब्रिटन व फ्रान्स यांनी वाटून घेतली.

या लाजिरवाण्या अनुभवातून आजचा सगळा कायदा जन्मला. 1969 मध्ये तेल प्रदूषणाच्या नागरी जबाबदारीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. चूक कोणाची हे सिद्ध करत बसायचे नाही, तेल ज्याच्या जहाजातून सांडले त्याने भरायचे, हे तत्त्व त्यात आले. 1971 मध्ये त्याला जोडून एक आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला. समुद्रमार्गे तेल मागवणाऱ्या कंपन्यांनी त्यात वर्गणी भरायची आणि मालकाचे पैसे अपुरे पडले की निधीने पुढचा भार उचलायचा. 1992 मध्ये दोन्ही करार सुधारले. भारत त्या सुधारित करारांचा सदस्य आहे.

पण या व्यवस्थेत दोन फटी राहिल्या. पहिली म्हणजे ती तेलवाहू जहाजांसाठी होती. कंटेनर वाहणाऱ्या जहाजाच्या स्वतःच्या टाकीतले तेल सांडले तर ती लागू नव्हती. त्या तेलासाठी वेगळा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आला. त्यात सामील व्हायला भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती 2015 मध्ये. चित्राची टक्कर झाली 2010 मध्ये. म्हणजे मुंबईच्या कोळ्यांच्या दारात तेल आले तेव्हा जगाने तयार केलेली दोन्ही छत्रे त्यांच्या डोक्यावर नव्हती.

दुसरी फट अधिक खोल आहे. हा निधी मच्छीमाराच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देतो. त्यासाठी मागील वर्षांची विक्री, पावत्या, परवाना, कराची विवरणपत्रे मागतो. कागद नसणाऱ्या छोट्या मच्छीमारांचे नुकसान अंदाजाने मोजण्याच्या पद्धतीही त्याने पुढे बसवल्या आहेत. पण त्या अंदाजाला निदान एवढे तरी लागते की या खाडीत किती माणसे, काय पकडतात, कुठे विकतात. आणि दावा करायची मुदत नुकसान झाल्यापासून तीन वर्षांची. त्यानंतर हक्क संपला.

अलास्का, गॅलिसिया, बोडो

मच्छीमाराला मिळणारी भरपाई दोन गोष्टींवर ठरते. वाट पाहायची ताकद आणि हाताशी असलेला कागद. तीन किनाऱ्यांवरून हे दिसते.

24 मार्च 1989 रोजी अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ खडकावर आदळले. चार कोटी लिटरहून अधिक तेल सांडले. तिथल्या कॉर्डोव्हा गावाचे जगणे सॅमन आणि हेरिंग या माशांवर होते. गळतीनंतर चार वर्षांनी, 1993 मध्ये, हेरिंगचे प्रमाण कोसळले. त्याला तेल किती जबाबदार, यावर शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत. गावकऱ्यांसाठी मात्र एक अख्खा धंदा गेला. त्या हंगामाच्या भरवशावर परवाने आणि बोटी घेताना काढलेली कर्जे तशीच राहिली. 1994 मध्ये ज्यूरीने कंपनीला पाच अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. अपिले होत राहिली. 2008 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम पन्नास कोटी डॉलरच्या घरात आणली. एक दशांश. मधल्या एकोणीस वर्षांत बत्तीस हजारांच्या आसपास फिर्यादींपैकी हजारो जण वारले होते. समुद्राने दिलेला धक्का एका वर्षाचा होता. न्यायालयाने दिलेला दोन दशकांचा.

स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर 2002 च्या नोव्हेंबरमध्ये ‘प्रेस्टिज’ जहाज फुटले आणि बुडाले. साठ हजार टनांहून अधिक जड तेल बाहेर आले. मासेमारीवर महिनोन्‌महिने बंदी आली. सरकारने बंदीच्या काळात मच्छीमारांना रोजचा भत्ता दिला आणि तो ओहोटीच्या वेळी वाळूतून शिंपल्या गोळा करणाऱ्यांनाही दिला. गॅलिसियात हे काम प्रामुख्याने बायका करतात. त्यांच्याकडे बोट नसते, फक्त दाताळे आणि बादली. मग त्यांना भत्ता कसा मिळाला? कारण त्याआधीच्या दशकात या बायका संघटित झाल्या होत्या. शिंपल्या वेचणे हा अधिकृत व्यवसाय मानला गेला होता. प्रत्येकीकडे स्वतःच्या नावाचा परवाना होता. तेल आले तेव्हा यादी आधीच तयार होती.

तिसरी हकीकत नायजेरियातली. नायजर नदीच्या मुखाशी बोडो नावाची वस्ती आहे. 2008 मध्ये तिथे शेल कंपनीची तेलवाहिनी दोनदा फुटली. खाडी काळी पडली, तिवरे मेली. सुरुवातीला अख्ख्या वस्तीपुढे चार हजार पौंड ठेवले गेले. लोक लंडनच्या न्यायालयात गेले. एकेका माणसाचा जबाब घेऊन, नाव लिहून, दावा उभा केला. 2015 च्या जानेवारीत साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्यातले साडेतीन कोटी 15,600 जणांना थेट वाटले गेले. चार हजार ते साडेपाच कोटी, या अंतरात तेलाचा एक थेंबही वाढला नव्हता. वाढली होती ती फक्त मोजलेल्या माणसांची संख्या.

आपल्या किनाऱ्यावर

आता परत मुंबईत येऊ. या बंदराला तेल नवीन नाही. 1950 च्या दशकात तुर्भे-माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने आले. माहुल आणि तुर्भे ही मुळात कोळीवाडे. 1974 मध्ये मुंबई हायला तेल सापडले, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि समुद्राच्या तळावरून उरणपर्यंत वाहिन्या आल्या. 1993 मध्ये यातली एक फुटली. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये उरणजवळ गळती झाली. दर पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या वाळूवर डांबराचे गोळे येऊन पडतात ते वेगळेच. त्यांचा मालक कोणीच नसतो.

चित्राच्या टक्करीला वर्ष पूर्ण होण्याआधीच, 4 ऑगस्ट 2011 रोजी, ‘रॅक’ नावाचे जहाज मुंबईपासून सुमारे वीस सागरी मैलांवर बुडाले. पोटात साठ हजार टन कोळसा आणि तीनशे टनांच्या आसपास इंधन तेल. मुंबईतल्या एका पर्यावरणप्रेमी नागरिकाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. पाच वर्षांनी, ऑगस्ट 2016 मध्ये, निकाल आला. जहाज कंपन्यांना शंभर कोटींची पर्यावरण भरपाई भरायचा आदेश झाला. देशाच्या सागरी इतिहासात हा निकाल महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. पण ती रक्कम भरायची होती केंद्राच्या जहाजवाहतूक मंत्रालयाकडे. समुद्राला झालेली इजा मोजली गेली. समुद्रावर जगणाऱ्यांची इजा त्या आकड्यात नव्हती.

त्याच न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने त्याआधी दीड वर्ष, फेब्रुवारी 2015 मध्ये, एक वेगळा निकाल दिला होता. तो तेलाचा नव्हता. उरण भागात बंदराच्या विस्तारासाठी खाडी बुजवली, तिवरे तोडली आणि पारंपरिक मच्छीमारांच्या वाटा बंद झाल्या, ही तक्रार होती. न्यायाधिकरणाने 1,630 कुटुंबांना मिळून सुमारे 95 कोटी द्यावेत, असा आदेश दिला. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेले, तो भाग निराळा. मला त्यातला 1,630 हा आकडा महत्त्वाचा वाटतो. त्या दाव्यात कुटुंबे मोजलेली होती, म्हणून रकमेला पत्ता होता.

आणि अगदी अलीकडे, मे 2025 मध्ये, केरळजवळ ‘एमएससी एल्सा-3’ बुडाले. 640 कंटेनर, टाक्यांमध्ये साडेचारशे टनांच्या आसपास इंधन. मासळीचा बाजार पुन्हा त्याच भीतीने बसला. केरळ सरकारने बाधित मच्छीमार कुटुंबांना तातडीची मदत म्हणून एक हजार रुपये आणि सहा किलो तांदूळ जाहीर केले. त्याच सरकारने उच्च न्यायालयात जहाज कंपनीविरुद्ध दावा लावला, तो 9,531 कोटींचा. तातडीची मदत आणि भरपाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला कळते. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एका टोकाला हजार रुपये, दुसऱ्या टोकाला साडेनऊ हजार कोटी. मोठा आकडा छोट्या घरापर्यंत कुठल्या रस्त्याने जाणार, हा प्रश्न टॉरी कॅन्यनपासून आजपर्यंत तसाच उभा आहे.

मावशीची फेरी

मावशी आमच्या गल्लीत परत आली ती ईदनंतर. त्या वर्षी ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी होती, 11 सप्टेंबरला. अम्मीने तिला शीरखुर्मा दिला. मग ती ओट्यावर टेकली आणि बोलू लागली.

नुकसान झालेल्यांची नावे लिहून घेतात, असे तिने ऐकले होते. ती गेली. कुठल्या कार्यालयात, ते मी इथे लिहीत नाही, कारण तसे कुठल्याही कार्यालयात घडले असते. टेबलामागच्या माणसाने तिला बोटीचा नंबर विचारला. ती म्हणाली, “बोट नाय माझी. माझी पाटी हाय.” परवाना? नाही. कुठल्या सोसायटीची सभासद? नाही. नवऱ्याची बोट? नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, त्याला जाऊन सहा वर्षे झाली होती. शेवटी त्या माणसाने तिला समजावले की ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मासेमारी कायद्यानेच बंद असते. मग नुकसान कसले?

हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. पण बंदी असते यांत्रिक बोटींना, आणि त्या काळात कोळीवाड्यातली गरीब घरे जगतात ती खाडीवर. चिखलात हात घालून पकडलेल्या चिंबोऱ्या, निवट्या, खडकावर फोडलेली कालवे, वल्ह्याच्या होडीतून आणलेली थोडी कोळंबी. ज्यांच्याकडे बोट नाही त्यांचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. आणि चित्राचे तेल आधी खाडीतच शिरले होते. मोठ्या बोटी तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. तेलाने पहिला घास घेतला तो सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाचा, आणि तीच पायरी यादीत नव्हती.

मावशी रडली वगैरे नाही. तिने अम्मीला एवढेच विचारले, “भाभी, वीस वरसं तुमच्या दारात येते. तुमी लिवून द्याल काय, का ही येते म्हून?”

अम्मीला लिहिता येत नव्हते. लिहायला हवे होते ते मी. मी तेव्हा नोकरीला लागलेला, पदवीधर, वर्तमानपत्रात पत्रे पाठवणारा माणूस. मी म्हणालो, मावशी, अशा चिठ्ठीने काही होत नाही. आज एवढे सगळे वाचल्यावर मला वाटते, झाले असते की नाही ते माहीत नाही, पण मी लिहायला हवे होते. बोडोमध्ये पंधरा हजार माणसांचे दावे अशाच एकेका जबाबातून उभे राहिले.

यादी आधी हवी

तेलगळतीबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते अपघातानंतर. तटरक्षक दल किती वेळात पोहोचले, तेल किती टन, कॅप्टन कोण. हे प्रश्न आवश्यकच आहेत. पण मच्छीमाराचे पोट ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो अपघाताच्या आदल्या दिवशीचा आहे. या गावात समुद्रावर कोण कोण जगते?

बोटमालक आणि परवानाधारक यांची नोंद आहे. खलाशी कितीतरी वेळा परप्रांतातला असतो, हंगामापुरता येतो, त्याची नोंद नीट नसते. डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी, धक्क्यावर कोळंबी सोलणारी, बोंबील वाळत घालणारी, खाडीत चिंबोरी पकडणारी, जाळे विणणारा म्हातारा, बर्फ फोडणारा पोरगा, हे सगळे एका मासळीवर जगतात. मासळी थांबली की सगळे एकाच दिवशी थांबतात. भरपाई मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर अडते.

गॅलिसियातल्या बायकांनी जे केले ते आपल्याला अशक्य नाही. मच्छीमार सोसायट्या आपल्याकडे गावोगावी आहेत. त्यांच्या वहीत बोट नसणाऱ्यांसाठी एक पान उघडता येते. विक्रीची साधी नोंद, तारीख आणि रुपये, शाळेत जाणारी नात रोज लिहू शकते. ग्रामपंचायत, जमात, मंडळ, ज्याला जे जवळचे असेल त्याने अशी यादी करून तिच्यावर तारखेसह सही-शिक्का घ्यावा. कोकणातल्या आमच्या गावांमध्ये जमातीकडे लग्न आणि वर्गणीच्या काटेकोर वह्या असतात. दर्यावर जाणाऱ्यांची आणि मासळी विकणाऱ्यांची एक वही त्यात वाढली तर काही बिघडणार नाही. तीन वर्षांच्या मुदतीत दावा करायचा असेल तर ती वही पहिल्या दिवशी हातात हवी.

आपण ग्राहक आहोत, आपलाही एक वाटा आहे. भीती वाटली तर मासळी घेऊ नये, हे ठीक. पण ज्या दिवशी दार लोटले त्या दिवशी कोणाची पाटी तशीच परत गेली, एवढे तरी आपण सांगू शकतो. ते सांगणे म्हणजे साक्ष असते.

मावशी अजून दोन-तीन वर्षे येत राहिली. मग गुडघे थकले आणि ती यायची थांबली. तिची सून आता बाजारात एका जागी बसते. गेल्या महिन्यात मी तिच्याकडून बोंबील घेतले आणि तिचे पूर्ण नाव विचारले. ती हसली, म्हणाली, “कशाला पायजे?” मी सांगितले, लिहून ठेवायला. तिने सांगितले. वीस वर्षे आमच्या दारात येणाऱ्या तिच्या सासूचे पूर्ण नावही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. दोन्ही नावे मी तारखेसह वहीत लिहून ठेवली आहेत.